व्यसनवाचक शब्द आणि तरुणांचे आरोग्य

एखाद्या तरुणाच्या सद्वर्तनाची ग्वाही देताना ‘त्याला सुपारीच्या खांडाचेही व्यसन नाही’ असे म्हणण्याचा मराठीत प्रघात आहे. या वाक्प्रयोगातील ‘ही’ हे अव्यय विचार करण्याजोगे आहे. बोलणाऱ्याच्या मनात व्यसनांची एक चढती श्रेणी असते. तिच्या वरच्या टोकाला दारू आणि गांजा असतात, तर अगदी खालच्या पायरीवर, जवळजवळ निरुपद्रवी म्हणून, सुपारी असते. परंतु आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुपारीची गणना मानवास निश्चितपणे कर्करोगकारक ठरलेल्या पदार्थांच्या पहिल्या गटात केली आहे. तीही तंबाखूची जोड नसलेल्या नुसत्या सुपारीची. भाषेतील श्रेणी आणि वैद्यकातील श्रेणी यांत ही तफावत का पडते, आणि तरुणांच्या आरोग्याशी व त्याविषयीच्या संशोधनाशी तिचा काय संबंध आहे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम ‘व्यसन’ हाच शब्द घेऊ. संस्कृतात तो ‘वि’ या उपसर्गापासून आणि ‘फेकणे’ या अर्थाच्या ‘अस्’ धातूपासून सिद्ध झाला आहे. संकट किंवा आपत्ती हा त्याचा एक अर्थ आणि दुर्गुणाची आसक्ती हा दुसरा. कौटिलीय अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाची अठरा व्यसने सांगितली आहेत. त्यांत मद्याच्या बरोबरीने मृगया, द्यूत, दिवसा झोपणे आणि परनिंदा यांचाही समावेश आहे. आजच्या मराठीत या शब्दाचा अर्थसंकोच होऊन तो मुख्यतः मादक पदार्थांपुरता उरला. परंतु त्याला चिकटलेला नैतिक दोषाचा भाव मात्र गळून पडला नाही. म्हणूनच ‘व्यसन’ म्हणताच शीलाचा दोष सूचित होतो, शरीराचा विकार नव्हे. आपल्या भाषेतील ही श्रेणी लाजेची आहे, अपायाची नव्हे.

याउलट ‘अंमल’ हा अरबीतून आलेला शब्द वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जातो. पेशव्यांचा अंमल आणि दारूचा अंमल, सत्ता आणि कैफ, हे दोन्ही अर्थ मराठीने त्याच शब्दात साठविले. शरीरशास्त्राच्या दृष्टीने पाहता जे घडते ते याहून फार वेगळे नाही. निकोटीन मेंदूतील विशिष्ट ग्राहींना चिकटते, त्यामुळे डोपामीन हे द्रव्य स्रवते, आणि पुनःपुन्हा असे झाल्यावर मेंदू त्या बाह्य द्रव्याला अनुसरून आपली घडी बसवितो. मग ते न मिळाल्यास अस्वस्थता, चिडचीड, निद्रानाश ही लक्षणे दिसू लागतात. निर्णय व संयम यांच्याशी संबंधित असलेला मेंदूचा पुढील भाग वयाच्या साधारण पंचविशीपर्यंत परिपक्व होत असतो. त्यामुळे चौदाव्या-पंधराव्या वर्षी सुरू झालेले सेवन प्रौढपणी सुरू झालेल्या सेवनापेक्षा अधिक घट्ट मूळ धरते. सत्तांतर होते ते अशा वयात, की जेव्हा राज्याची व्यवस्थाच पुरती लागलेली नसते.

आता या लाजेच्या श्रेणीतून निसटणारे पदार्थ पाहू. त्यांचे तीन प्रकार पाडता येतात.

पहिला प्रकार सौम्य नावाच्या पदार्थांचा. सुपारी ही मंगलकार्याची वस्तू आहे. ती पूजेत असते, विड्यात असते. ‘सुपारी फुटणे’ म्हणजे विवाह निश्चित होणे. असा पदार्थ व्यसनाच्या कक्षेत येणे भाषेलाच अवघड वाटते. परंतु सुपारीतील अरेकोलीन प्रभृती द्रव्यांमुळे तोंडाच्या अस्तराखाली तंतूंची अतिरिक्त वाढ होते, गाल ताठर होतात, तिखट सोसत नाही, आणि हळूहळू तोंड उघडेनासे होते. निरोगी माणसाच्या तोंडात साधारणतः तीन बोटे उभी मावतात. या विकारात दोन, पुढे एकच मावते. हा विकार कर्करोगाची पूर्वावस्था मानला जातो, आणि सुपारी सोडल्यावरही झालेली हानी सहसा पूर्णपणे भरून येत नाही.

दुसरा प्रकार उसन्या नावांचा. ‘मावा’ म्हणजे आटविलेले दूध. परंतु पानाच्या ठेल्यावर त्याच नावाने सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे मिश्रण मिळते. विदर्भात अशाच मिश्रणाला ‘खर्रा’ म्हणतात. भाजून पूड केलेली तंबाखू ‘मशेरी’ होते, आणि तिच्याबरोबर क्रियापदही बदलते. तंबाखू ‘खातात’, बिडी ‘ओढतात’, दारू ‘पितात’. मशेरी मात्र दंतमंजनाप्रमाणे ‘लावतात’. हे क्रियापद सेवनाचा भावच पुसून टाकते. वस्तुतः निकोटीन तोंडाच्या अस्तरातून थेट रक्तात शोषले जाते, आणि मिश्रणात चुना असेल तर त्याच्या क्षारधर्मामुळे ते शोषण अधिक वेगाने होते. महाराष्ट्रात या प्रकाराचे महत्त्व किती आहे, हे २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणावरून दिसते. त्यात राज्यातील १५ वर्षे व त्यापुढील व्यक्तींपैकी २४.४ टक्के धूरविरहित तंबाखूचे सेवन करणाऱ्या आढळल्या. धूम्रपान करणाऱ्या अवघ्या ३.८ टक्के होत्या. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. परंतु बंदी जेव्हा एका नावावर येते, तेव्हा तेच घटक अन्य नावाने किंवा वेगवेगळ्या पुड्यांतून मिळविणे कठीण नसते.

तिसरा प्रकार ज्यांना नावच नाही अशा पदार्थांचा. खोडण्याचे पांढरे द्रव, पंक्चरचे सोल्यूशन, थिनर यांच्या वाफा हुंगणे हा अनेक मुलांचा पहिला कैफ असतो. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १० ते १७ वयोगटातील १.१७ टक्के मुले अशा वाफांचे सेवन करीत असल्याचा अंदाज दिला आहे. प्रौढांतील प्रमाण ०.५८ टक्के आहे. पाहणीतील सर्व वर्गांत मुलांचे प्रमाण प्रौढांपेक्षा अधिक असलेला वर्ग हा एवढाच. या द्रवांतील टोल्यूईनसारख्या द्रव्यांनी मज्जासंस्थेची हानी होते, आणि हृदयाची लय बिघडून अकस्मात मृत्यूही ओढवू शकतो. तरीही या सेवनाला मराठीत रूढ असे नाम नाही. ज्याला नाव नाही त्याविषयी घरात ताकीद देता येत नाही, आणि प्रश्नावलीत तो पदार्थ ‘इतर’ या रकान्यात जाऊन पडतो.

श्रेणीच्या वरच्या टोकाला याच्या नेमकी उलट स्थिती आहे. तेथे पदार्थाचे नाव माणसालाच चिकटते: दारुडा, गंजेडी, गर्दुल्ला. फारसीत ‘गर्द’ म्हणजे धूळ. त्यावरून हेरॉइनच्या भेसळयुक्त पुडीला ‘गर्द’ हे नाव पडले, आणि त्याला हीनतावाचक प्रत्यय लागून माणूस सिद्ध झाला. मशेरी लावणाऱ्यासाठी असे एकही नाम नाही. अशा शब्दांची धास्ती घेतलेला तरुण उपचारासाठी पुढे येत नाही; येतो तो सर्व उपाय हरल्यावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९६४ मध्ये जुन्या संज्ञा बाजूस सारून ‘अवलंबित्व’ या अर्थाची संज्ञा स्वीकारावी अशी शिफारस केली, हे या संदर्भात उद्बोधक आहे. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात उपचार घेणाऱ्यास ‘रुग्णमित्र’ म्हणतात. हा केवळ सौजन्याचा भाग नव्हे. रुग्ण म्हटल्यावर उपचार संभवतो. गर्दुल्ला म्हटल्यावर केवळ बहिष्कार.

या विवेचनातून संशोधकांसाठी एक व्यवहार्य निष्कर्ष निघतो. ‘आपणास कोणते व्यसन आहे काय?’ हा प्रश्न क्षेत्रकार्यात निरुपयोगी, किंबहुना दिशाभूल करणारा आहे. सकाळ-संध्याकाळ मशेरी लावणारी मुलगी आणि दिवसाला चार खर्रे खाणारा मुलगा त्याला प्रामाणिकपणे ‘नाही’ असेच उत्तर देतील, आणि आपल्या कोष्टकांत ते निर्व्यसनी ठरतील. म्हणून प्रश्न पदार्थागणिक, त्या त्या भागात रूढ असलेल्या नावाने आणि त्या नावाबरोबर येणाऱ्या क्रियापदानेच विचारावयास हवा: ‘मशेरी लावता का? दिवसातून किती वेळा? कितव्या वर्षापासून?’ त्यासाठी पाहणीपूर्वी त्या गावच्या ठेल्यावरचे, वसतिगृहातले आणि शाळेच्या फाटकाबाहेरचे शब्द टिपून घेणे अगत्याचे आहे. हे काम वैद्यकाचे नव्हे, भाषाभ्यासकाचे आहे. त्यात झालेली चूक पुढील कोणत्याही सांख्यिकी पद्धतीने दुरुस्त होण्याजोगी नाही.