मालगाडी लांबली, पण थांबणार कोठे?

सुरतेहून खानदेशात जाणारा तापी खोऱ्याचा लोहमार्ग 1900 च्या सुमारास वाहतुकीस खुला झाला आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे बहुतांशी एकेरीच राहिला. उधना ते जळगाव या सुमारे 307 किलोमीटरच्या टप्प्याचे दुहेरीकरण व विद्युतीकरण अखेर पुरे झाले आणि 16 फेब्रुवारी 2019 रोजी धुळ्याच्या समारंभात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ते राष्ट्रास अर्पण केले. सुमारे 2400 कोटी रुपयांचे हे काम स्वागतार्हच होय. परंतु दुसरा मार्ग पडला म्हणजे मोठ्या मालगाड्यांची सोय झाली, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

मालगाडी जितकी लांब व जड, तितका वाहतुकीचा खर्च कमी, हे उघड आहे. दोन गाड्यांचा माल एकाच गाडीने गेला तर मार्गावरील एका गाडीची वेळ वाचते. सुरत जिल्ह्यातून जाणारा पश्चिम समर्पित मालवाहू मार्ग तर दीड किलोमीटर लांबीच्या आणि एकावर एक कंटेनर रचलेल्या गाड्यांसाठीच आखलेला आहे. दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेने 2021 साली पाच गाड्या जोडून साडेतीन किलोमीटर लांबीची ‘वासुकी’ चालवून दाखविली. जुन्या मार्गांवरही लांब गाड्यांचा आग्रह वाढणार, हे निश्चित.

अडचण आहे ती थांबण्याच्या जागेची. स्थानकालगतचा बाजूचा मार्ग सामान्यतः सातशे मीटरच्या आसपास, म्हणजे पन्नास-साठ वाघिणींच्या एका गाडीपुरता असतो. दुप्पट लांबीची गाडी त्यात मावत नाही. मग ती मुख्य मार्गावरच राहते आणि बाजूला घेतली जाते ती प्रवासी गाडी. ‘क्रॉसिंग’साठी माळरानावर तासन्‌तास ताटकळण्याचा अनुभव कोकण रेल्वेच्या प्रवाशांना निराळा सांगावयास नको.

येथे ताटकळणारा प्रवासी कोण? उधना, लिंबायत, पांडेसरा येथील यंत्रमागांवर राबणारा खानदेशी कामगार. सुरत महानगरपालिकेला मराठी माध्यमाच्या शाळा चालवाव्या लागतात, इतकी ही वस्ती मोठी आहे. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर ही त्याची गावे याच मार्गावर आहेत. नवापूरचे स्थानक तर अर्धे महाराष्ट्रात व अर्धे गुजरातेत आहे. आजारी आईला भेटून पाळीवर परतणाऱ्या माणसाची गाडी तीन तास उशिरा पोहोचली तर त्याचा दिवसाचा रोजगार बुडतो. हा तोटा रेल्वेच्या कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

मालवाहतुकीस आमचा विरोध नाही. रेल्वेचे उत्पन्न मुख्यत्वे तिच्यावरच चालते. आमचे म्हणणे इतकेच की, गाडी लांबविण्यापूर्वी निवडक स्थानकांवरील बाजूचे मार्ग दीड किलोमीटरपर्यंत वाढवावेत. फाटकांच्या जागी पूल बांधावेत, नाहीतर लांब गाडीपायी रस्त्यावरची रुग्णवाहिका अडकून पडेल. उधना व जळगाव येथील जंक्शनांची कोंडी फोडावी. जळगाव-मनमाड तिसऱ्या मार्गाचे भूमिपूजनही धुळ्याच्या त्याच समारंभात झाले होते, याचा अर्थ टोकाशी जागा अपुरी आहे हे सरकारलाही ठाऊक होते. मडक्याचे पोट वाढविले आणि तोंड अरुंदच ठेवले, तर पाणी ओतणाऱ्याचा वेळ वाचत नाही. मालाला वाट अवश्य द्यावी. मात्र ती माणसांच्या वेळेतून कापून देऊ नये.