मेंदूचे दोन भागीदार

पक्षाघाताने उजवे अंग लुळे पडले की पुष्कळदा वाचाही जाते. डावे अंग गेलेला मनुष्य मात्र बहुधा बोलू शकतो. हा अनुभव जुनाच. त्याचा उलगडा १८६१ साली पॅरिसजवळील बिसेत्र येथील रुग्णालयात होऊ लागला. तेथील एक रोगी वर्षानुवर्षे ‘तां’ याखेरीज जवळजवळ काहीच उच्चारू शकत नसे; दुसऱ्याचे बोलणे मात्र त्यास बरेचसे कळे. त्याच्या मृत्यूनंतर डॉ. पॉल ब्रोका यांना त्याच्या मेंदूच्या डाव्या गोलार्धाचा पुढील भाग बिघडलेला आढळला. शरीराच्या उजव्या बाजूवर डाव्याच गोलार्धाचा अंमल चालत असल्याने हात आणि वाचा एकदम जातात.

उजव्या गोलार्धाला मग दीर्घकाळ दुय्यमच लेखण्यात आले. वास्तविक दोघांमध्ये सुमारे वीस कोटी तंतूंचा जाड पट्टा असून त्यातून अखंड देवघेव चालते. १९६२ साली लॉस एंजेलिस येथे अपस्माराच्या एका रोग्याचा हा पट्टा शस्त्रक्रियेने कापण्यात आला. झटके कमी झाले आणि वागण्यात फारसा फरक दिसेना. रॉजर स्पेरी व मायकेल गॅझॅनिगा यांनी अशा रोग्यांची बारकाईने परीक्षा घेतली. नजर मध्यबिंदूवर खिळवून डावीकडे क्षणभर चमच्याचे चित्र दाखविले, तर रोगी म्हणे, “काही दिसले नाही.” पण त्याचा डावा हात पडद्याआडच्या वस्तूंतून चमचाच उचली! चित्र पाहणारा गोलार्ध मुका होता, एवढेच. स्पेरी यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

याहून विलक्षण प्रयोग पुढे झाला. एका रोग्याच्या डाव्या गोलार्धास कोंबडीचा पाय आणि उजव्यास बर्फाचे दृश्य दाखविले. उजव्या हाताने कोंबडीचे चित्र निवडले, डाव्याने फावड्याचे. फावडे कशाला, असे विचारताच बर्फाची वार्ताही नसलेल्या डाव्या गोलार्धाने बेधडक उत्तर दिले: कोंबड्यांचे खुराडे साफ करावयास!

कवी उजव्या मेंदूचा आणि हिशेबनीस डाव्याचा, ही समजूत मात्र निराधार होय. निरोगी मेंदूत दोघेही सदैव राबतात. उजव्या गोलार्धास इजा झालेला रोगी कधी कधी स्पष्ट बोलतो, पण ताटाची डावी बाजू, म्हणजे चटणी, कोशिंबीर, लोणचे, तशीच टाकून उठतो. घरच्यांना तो हट्ट वाटतो. डोळे शाबूत असतात. त्या बाजूचे भानच हरपलेले असते. ताट फिरवून पुढे ठेवले, तर तो उरलेलेही जेवतो.