सेल्युलाइटची क्रीम: विकावी की न विकावी?

विषय जरा नाजूक आहे, पण तो धंद्याचा आहे म्हणून या पानावर घेत आहोत. मिरजेच्या बाजारात कटलरी आणि सौंदर्यप्रसाधनांचे दुकान असलेले आमचे एक वाचक मागे आम्हाला भेटायला आले. त्यांनी पिशवीतून एक ट्यूब काढून टेबलावर ठेवली. ट्यूबवर एका बाईच्या पायाचे चित्र, वर ठळक अक्षरांत 'अँटी-सेल्युलाइट' आणि खाली 'चार आठवड्यांत फरक' अशी हमी. मुंबईहून आलेल्या एजंटने आधी एक डझन ट्यूब दिल्या होत्या. आता चार डझन घ्या आणि रोख द्या, अशी त्याची गळ होती. दुकानदाराला एक नग ३१० रुपयांना पडतो, छापील किंमत ५९९. चार डझनांचे १४,८८० रुपये होतात. लहान दुकानदाराच्या दृष्टीने ही रक्कम काही थोडी नाही.

"माल उठतो, यात शंका नाही. पण मी नेमके काय विकतोय ते मलाच ठाऊक नाही. हे सेल्युलाइट म्हणजे आहे तरी काय?" असे त्यांनी आम्हाला विचारले. प्रश्न रास्त होता. आम्ही थोडी माहिती जमवली, ती व्यापारी बंधूंच्या उपयोगी पडेल अशी उमेद आहे.

मांड्या, कुल्हे आणि पोट यांवरच्या कातडीला बारीक खळगे पडतात आणि ती उंचसखल दिसते, त्याला सेल्युलाइट म्हणतात. फ्रेंच लोक त्याला संत्र्याच्या सालीची उपमा देतात. हा रोग नाही. त्याने दुखत नाही, ताप येत नाही आणि आयुष्य कमी होत नाही. वयात आलेल्या शंभर स्त्रियांपैकी ८० ते ९० जणींना ते कमी-अधिक प्रमाणात असते. पुरुषांत ते क्वचित आढळते. लठ्ठ बाईलाच ते होते असेही नाही, सडपातळ बाईलाही होते. आई-आजीला असेल तर मुलीला होण्याचा संभव अधिक. वय वाढले, कातडी पातळ आणि सैल झाली की ते जास्त उठून दिसते.

ते का होते, हे समजायला आपल्या पिंजारी बंधूंची गादी पुरे आहे. गादीत कापूस भरून झाला की मोठ्या सुईने आरपार टाके घालतात. टाका जिथे ओढला जातो तिथे खळगा पडतो आणि दोन टाक्यांच्या मधला कापूस वर फुगतो. कातडीखालीही अगदी असेच आहे. कातडीला खालच्या थराशी बांधून ठेवणारे चिवट धागे असतात आणि त्यांच्या मधल्या जागेत चरबी असते. स्त्रियांमध्ये हे धागे बहुतांशी गादीच्या टाक्यांसारखे सरळ उभे असतात. म्हणून धागा खाली ओढतो आणि चरबी वर फुगते. पुरुषांत तेच धागे तिरपे, एकमेकांना छेदून जाळीसारखे विणलेले असतात, त्यामुळे चरबी वर येत नाही. हा फरक १९७८ साली दोन जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवून दिला. पुढच्या अभ्यासांनी त्यात काही भर घातली, पण मुख्य गोष्ट कायम राहिली.

आता व्यापाऱ्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा. गादीच्या खोळीवर वरून काहीही चोळले, तरी आतला टाका सुटेल का?

सेल्युलाइट हा शब्द मूळचा फ्रान्सचा. अमेरिकेत तो घरोघरी पोहोचवला निकोल रोन्सार्ड या बाईंनी. त्यांचे न्यूयॉर्कमध्ये सौंदर्यगृह होते आणि १९७३ मध्ये त्यांचे या विषयावरचे पुस्तक निघाले. तोवर ज्या गोष्टीकडे बायका बाईच्या शरीराची नेहमीची ठेवण म्हणून पाहत होत्या, तिला एक नाव मिळाले. आणि एखाद्या गोष्टीला नाव मिळाले की तिच्यावर औषध विकता येते, हे आपल्यासारख्या बाजारात बसणाऱ्यांना कोणी शिकवायला नको.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १९९० नंतरच्या काही वर्षांत दम्याच्या औषधातला अमिनोफिलिन हा पदार्थ घातलेल्या क्रीम अमेरिकेत खपल्या. १९९९ मध्ये इटलीहून 'सेलासीन' नावाच्या गोळ्या तिथे आल्या. द्राक्षाच्या बिया, जिंको, समुद्री शेवाळ असा त्यातला मसाला, आणि गोळी खा म्हणजे सेल्युलाइट जाईल असा दावा. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, २००० साली विक्रेत्या रेक्सॉल सनडाउन कंपनीला कोर्टात खेचले. दाव्याला आधार नाही, असे खात्याचे म्हणणे होते. २००३ मध्ये तडजोड झाली आणि गिऱ्हाइकांचे पैसे परत करण्यासाठी कंपनीने १ कोटी २० लाख डॉलरपर्यंत रक्कम द्यायचे कबूल केले. २०११ मध्ये निव्हिया बनवणाऱ्या बायर्सडॉर्फ कंपनीवरही तशीच वेळ आली. तिची एक क्रीम नियमित लावल्याने शरीराचा घेर कमी होतो, अशी जाहिरात होती. ते प्रकरण ९ लाख डॉलरवर मिटले. मोठ्या कंपन्यांची ही कथा, तर मिरजेच्या एजंटच्या ट्यूबवर हमी कोणाच्या भरवशावर छापली असेल?

मग या क्रीममध्ये काहीच नसते का? असे म्हणणेही अन्यायाचे होईल. बहुतेक क्रीममध्ये कॅफिन असते, म्हणजे चहा-कॉफीतलाच पदार्थ. त्याने कातडी काही काळ आवळल्यासारखी दिसते आणि खळगे थोडे बुजल्यासारखे वाटतात. लावणे थांबवले की पहिल्यासारखे. दुसरा पदार्थ रेटिनॉल. ०.३ टक्के रेटिनॉलची क्रीम सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ लावली तर कातडी थोडी जाड होते आणि काहींना फरक दिसतो. चार आठवड्यांत नव्हे. शिवाय गरोदर बाईने रेटिनॉल लावू नये, ही गोष्ट काउंटरवर सांगितलीच पाहिजे. अमिनोफिलिनची क्रीम दम्याची औषधे घेणाऱ्यांना विकू नये. बाकी साध्या क्रीमने कातडी मऊ राहते एवढे खरे. पण तेवढे काम खोबरेल तेलही करते आणि त्याला ५९९ रुपये पडत नाहीत.

हल्ली कोलॅजनची पावडरही पुष्कळ विचारली जाते. तिचा थोडा उपयोग होतो असे सांगणारे काही प्रयोग आहेत, पण फायदा बेताचाच. आपल्या गिऱ्हाइकांचा प्रश्न वेगळाच असतो: हे कशापासून बनवले? कोलॅजन गायीच्या, डुकराच्या किंवा माशाच्या कातडी-हाडांपासून काढतात. डब्यावर नुसते 'कोलॅजन' लिहिले असेल आणि कशाचे ते लिहिले नसेल, तर दुकानदाराने छातीठोकपणे काही सांगू नये. कंपनीकडून लेखी मागवावे.

यानंतर येते मालिश आणि यंत्र. मालिशने रक्त खेळते, अंगावर थोडी सूज येते आणि खळगे काही वेळ कमी दिसतात. फ्रान्सच्या लुई-पॉल गिते नावाच्या इंजिनिअरने १९८०च्या दशकात कातडी ओढून रोलरखाली फिरवणारे यंत्र काढले. १९९८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला परवानगी दिली. त्या परवानगीतला शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे: सेल्युलाइटचे दिसणे 'तात्पुरते' कमी करण्यासाठी. घरगुती पार्लर चालवणाऱ्या आपल्या भगिनींनी तोच शब्द वापरावा. मालिशचे पैसे मालिशचे म्हणून घ्यावेत, त्यात काही कमीपणा नाही. पार्लरमध्ये सुया मात्र टोचू नयेत, कोणी कितीही पैसे देऊ केले तरी.

खऱ्या अर्थाने टाका कापणारा उपाय त्वचारोगतज्ज्ञाकडेच आहे. भूल देऊन कातडीखाली सुईसारखे हत्यार घालून ओढणारे धागे तोडतात. काळेनिळे वळ पडतात, काही दिवस दुखते, पण परिणाम काही वर्षे टिकतो. लेसरनेही धागे तोडता येतात. इंजेक्शनने धागे विरघळवणारे 'क्वो' हे औषध अमेरिकेत जुलै २०२० मध्ये मंजूर झाले. मात्र कातडीवर वळ आणि डाग राहतात अशी चिंता वाढली आणि २०२२ च्या डिसेंबरात कंपनीनेच ते बंद करत असल्याचे जाहीर केले. चरबी शोषून काढण्याचे जे ऑपरेशन असते ते सेल्युलाइटसाठी नाही. त्याने खळगे उलट वाढू शकतात. व्यायामाने मांडीचे स्नायू भरले की कातडी सपाट दिसते. वजन उतरल्याने काहींना फायदा होतो, पण काहींची कातडी सैल होऊन खळगे जास्तच दिसू लागतात. आणि काहीच न करणे हाही एक उपाय आहे. त्याचे बिल होत नाही म्हणून त्याची जाहिरात कोणी करत नाही.

आता ती गोष्ट सांगतो, जिच्यामुळे हे मिरजेचे वाचक मुळात आमच्याकडे आले. पहिल्या डझनातली एक ट्यूब त्यांच्या दुकानातल्या पोराने एका मुलाला विकली. त्या मुलाला डॉक्टरांनी 'सेल्युलायटिस' असे सांगितले होते. त्याच्या आईला मधुमेह, पाय लाल होऊन सुजलेला. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या महाग वाटल्या म्हणून त्याने आधी क्रीम शोधली. पोराने नावात नाव मिळालेले पाहिले आणि ट्यूब हातात ठेवली. तीन दिवसांनी बाईंना इस्पितळात भरती करावे लागले. आठवड्याने त्या बऱ्या होऊन घरी आल्या, पण दुकानदाराचे मन शांत झाले नाही. मुलाने काही तक्रारही केली नाही. नुसते ट्यूबचे पैसे परत मागितले.

म्हणून ही दोन नावे प्रत्येक दुकानदाराने आणि त्याच्या नोकराने वेगळी ओळखली पाहिजेत. सेल्युलाइट म्हणजे खळगे, निरुपद्रवी. सेल्युलायटिस म्हणजे कातडीखाली जंतूंचा संसर्ग. त्यात जागा लाल होते, गरम लागते, दुखते, सूज पसरते, ताप येतो. त्याला डॉक्टर आणि अँटिबायोटिक लागते, आणि मधुमेह असलेल्याने तर एक दिवसही घालवू नये. दुसरी खूण याहूनही गंभीर आहे. मांडीवर संत्र्याच्या सालीसारखी कातडी दिसली तर चिंता नाही, पण तशी कातडी स्तनावर दिसू लागली तर तो कर्करोग असू शकतो. अशी बाई क्रीम मागायला आली तर तिला क्रीम देऊ नये, डॉक्टरकडे पाठवावे. लाजेने बायका हे पुरुष दुकानदाराला सांगत नाहीत. घरातल्या बाईला काउंटरवर बसवता आले तर बरे.

कायद्याची बाजू थोडक्यात. बाहेरदेशीचे सौंदर्यप्रसाधन विकायचे तर वेष्टनावर आयात नोंदणीचा क्रमांक, आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत हवी. दुबईहून कोणी बॅगेत आणलेला माल यात बसत नाही. प्रसाधनावर खोटा किंवा दिशाभूल करणारा दावा चालत नाही. लठ्ठपणा बरा करण्याच्या औषधाची जाहिरात १९५४ च्या कायद्याने मना आहे, तेव्हा 'चरबी वितळवा' असा बोर्ड दुकानावर लावताना दहादा विचार करावा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली खोट्या जाहिरातीसाठी उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दुकानदाराचे संरक्षण एकाच कागदात आहे, ते म्हणजे पक्के बिल. कोणाकडून माल घेतला हे दाखवता आले नाही तर जबाब त्यालाच द्यावा लागतो.

एक गोष्ट खरादकाम करणाऱ्या कारागिरांसाठी. मालिशचे लाकडी रोलर आता शहरात बरे विकले जातात आणि त्याच्या ऑर्डरी येऊ लागल्या आहेत. ऑर्डर जरूर घ्यावी. लाकूड वाळलेले, कडा गुळगुळीत आणि रंग अंगाला न लागणारा असावा. डब्यावर 'मालिश रोलर' एवढेच छापून द्यावे. 'अँटी-सेल्युलाइट' छापायचे असेल तर ते व्यापाऱ्याने आपल्या नावाने छापावे.

मिरजेच्या वाचकांनी हे सर्व ऐकून घेतले आणि एजंटला फोन लावला. चार डझन घेतो, पण पक्के बिल आणि आयात नोंदणीचा क्रमांक लागेल, असे म्हणाले. "भाई, एवढ्या छोट्या मालाला कोण बिल मागतो?" असे तिकडून उत्तर आले. उरलेल्या सात ट्यूब त्यांनी परत करायचे ठरवले होते. हे लिहीपर्यंत एजंट त्या न्यायला आलेला नाही. ट्यूब गल्ल्याखालच्या खणात पडून आहेत.