किडनीवरील छोटी गाठ: ऑपरेशन कोणत्या पद्धतीने?



पोटाच्या दुसऱ्याच तक्रारीसाठी सीटी स्कॅन होतो आणि किडनीवर गाठ दिसते. अमेरिकेत असे पुष्कळदा घडते. गाठ ४ सेंटिमीटरपर्यंत असून ऑपरेशन करायचे ठरले, तर शक्यतो फक्त गाठ काढून उरलेली किडनी वाचवतात.

याचे मार्ग तीन. ओपनमध्ये कुशीवर मोठा छेद घेतात, लॅपरोस्कोपिकमध्ये छोट्या छिद्रांतून दुर्बीण आणि हत्यारे घालतात. तिसरा मार्ग रोबोटिक. रोबो आपणहून काही करत नाही, त्याचे हात सर्जनच चालवतात. पण ते हात मनगटासारखे वळतात, त्यामुळे आत टाके घालणे सोपे जाते.

आम्ही सॉफ्टवेअरवाले आधी 'डाउनटाइम' विचारतो. इथेही तो असतो! गाठ कापताना किडनीचा रक्तपुरवठा बहुधा काही मिनिटे थांबवतात. क्लीव्हलँड क्लिनिक, मेयो क्लिनिक आणि जॉन्स हॉपकिन्समधील १८०० ऑपरेशन्सची तुलना २००७ साली प्रसिद्ध झाली. हॉस्पिटलमधला मुक्काम ओपनमध्ये सरासरी ५.८ दिवस, लॅपरोस्कोपिकमध्ये ३.३. रक्तपुरवठा मात्र ओपनमध्ये २०.१ मिनिटे थांबला, लॅपरोस्कोपिकमध्ये ३०.७. तरी तीन महिन्यांनंतर किडनीचे काम दोन्हींत सारखेच होते.

तेव्हा नुसता छेद किती लहान, एवढेच पाहू नका. सर्जनला जरूर विचारा: अशी किती ऑपरेशन्स केलीत? रक्तपुरवठा किती वेळ थांबेल? आणि भारतातून आलेले आपले आई-बाबा थकलेले असतील तर, ऑपरेशन न करता नियमित स्कॅन करून लक्ष ठेवले तर चालेल का?