आज बोलायचं नाही

"मामा, एकच अट. काहीही झालं तरी बोलायचं नाही," भाची मला बजावते आणि हातात दोनशेपानी वही देते.

रविवारची सकाळ. कोथरूडला बहिणीच्या घरी जेवणाचं टेबल खिडकीशी ओढलंय. त्यावर लॅपटॉप, त्याला जोडलेला गेमपॅड आणि पुस्तकांच्या थप्पीला टेकवलेला मोबाइल. त्याचा कॅमेरा तिरपा धरलाय, पडदा आणि खेळणाऱ्याचे अंगठे दोन्ही दिसतील असा.

सात महिने कॉलेज सांभाळून तिनं हा गेम बनवलाय. गोडो हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरून कोड तिनंच लिहिलाय, चित्रं तिचीच, आवाजही घरातलेच. कौल सरकल्याचा आवाज म्हणजे पोळपाटावर घासलेली बशी. एक मुलगा कौलारू छपरांवरून उड्या मारत कैऱ्या गोळा करतो, एवढाच खेळ. आज तो पहिल्यांदा घराबाहेरच्यांच्या हातात जातोय.

पहिला येतो तळमजल्यावरचा चौथीतला मुलगा. सुरुवातीलाच भाचीनं सुबक अक्षरांत पाटी रंगवलीय, कुठल्या बटणानं काय होतं ते सांगणारी. तो पाटीकडे ढुंकूनही पाहत नाही. मी वहीत पहिली नोंद करतो: पाटी वाचली नाही. पहिलं छप्पर, दुसरं छप्पर आणि तिसऱ्याच्या अलीकडे धपकन खाली. पुन्हा तिथंच. चौथ्यांदा पडल्यावर तो गेमपॅड मांडीवर आपटतो.

"ताई, मी दाबलं होतं! शप्पथ दाबलं होतं!"

भाचीच्या ओठांवर आलेलं मला दिसतं. ती पाण्याची बाटली दोन्ही हातांनी घट्ट धरते. "थोडं आधी दाब" एवढं म्हटलं तरी पोरगा पार होईल. पण उद्या हा गेम ज्याच्या ज्याच्या घरी जाईल, तिथं हे सांगायला ती नसणार. ती फक्त विचारते, "काय झालं असं वाटलं तुला?"

"बटण खराब आहे."

बटण चांगलं आहे. तो खाली पाणी प्यायला जातो तेवढ्यात आम्ही चित्रण अगदी सावकाश करून पाहतो. अंगठा खाली जातो, तेव्हा पडद्यावरच्या मुलाचा पाय कौलाच्या कडेवरून नुकताच सुटलेला असतो. गेम सेकंदाला साठ फ्रेम दाखवतो, पोरगा तीन-चार फ्रेम मागे आहे. संगणकाच्या हिशेबी तो हवेत आहे आणि हवेतून उडी मारता येत नाही. पोराच्या हिशेबी तो अजून कौलावरच आहे. भाची क्षणभरही वाद घालत नाही, पोराची बाजू घेते. मला तिचं हे फार आवडतं.

यावरचा उपाय गेम बनवणाऱ्यांमध्ये जुना आहे, त्याला 'कायोटी टाइम' म्हणतात. कार्टूनमधला कायोटी कडा संपल्यावरही थोडा वेळ अधांतरी राहतो आणि मग पडतो, तशीच सवलत खेळणाऱ्याला द्यायची. 'सेलेस्ट' या २०१८ च्या गाजलेल्या गेममध्येही ती आहे. भाची सहा फ्रेमची सूट देते, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. पोराला पुन्हा बसवतो, सांगत काहीच नाही. तिसरं छप्पर पार. चौथं. पाचवं.

"बटण दुरुस्त केलंस ना, ताई?"

दुपारी कॉलेजचे दोन मित्र येतात. पाच मिनिटांत "भारी आहे यार!" एकजण म्हणतो, दोघांना मिळून खेळता आलं पाहिजे. दुसरा म्हणतो, बाँब टाक. प्रेमानंच बोलतात, पण वहीत उतरवावं असं त्यात काही सापडत नाही. समोरच्याच्या तोंडावर त्याच्या कष्टांना नावं ठेवायची नाहीत, हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. मात्र तिसऱ्या टप्प्यावर दोघांचाही हात खिशातल्या फोनकडे जातो, आणि ते मी वेळेसकट लिहितो. तोंडापेक्षा हात खरं सांगतात. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात सनीव्हेलच्या एका बारमध्ये 'पाँग' या व्हिडिओ गेमचं यंत्र ठेवलं होतं. ते बंद पडल्याची तक्रार आली, म्हणून बनवणारे अ‍ॅल अल्कॉर्न बघायला गेले, तर नाण्यांचा डबा ओसंडून वाहत होता. खेळ कसा वाटला, हे कुणाला विचारावंच लागलं नाही.

चारच्या सुमाराला तिसऱ्या मजल्यावरच्या आजी येतात. गेमपॅड आयुष्यात पहिल्यांदा हातात.

"हे धरायचं कसं गं, बाळा?"

धरायचं कसं एवढंच भाची दाखवते. पहिल्या पडद्यावर मधोमध मुलगा उभा आहे. उजवीकडे छपरं आणि डावीकडे वाड्याचं दार. त्या दारावर भाचीनं दोन आठवडे घालवलेत: पितळी कड्या, कोयंडा, झेंडूचं तोरण, उंबऱ्यावर रांगोळी. आजी मुलाला थेट दाराशी नेतात आणि ढकलत राहतात. एक मिनिट, दोन मिनिटं. भाचीची नखं बाटलीच्या प्लास्टिकमध्ये रुततात.

"उघडत नाही गं. किल्ली कुठाय?"

किल्ली नाहीच. दार नुसतं शोभेचं आहे. उजवीकडे त्या एकदाही वळत नाहीत.

चहा होतो. भाची माझ्याशी हळू आवाजात १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'बद्दल बोलते. मारिओ डावीकडे उभा, तोंड उजवीकडे, पुढे मोकळी जागा. एक अक्षरही न लिहिता माणूस उजवीकडे चालायला लागतो. बोलता बोलता ती लॅपटॉप ओढते, मुलाला डाव्या कडेला नेऊन ठेवते, आणि दाराचं चित्र निवडून त्यावर बोट थांबवते. बराच वेळ. मग ते काढून टाकते. मला काहीतरी म्हणावंसं वाटतं, पण अट आठवते.

आजी आपणहून पुन्हा बसतात. मुलगा उजवीकडे चालतो, पहिलं छप्पर चढतो, पहिली कैरी मिळते. आजींचा चेहरा उजळतो. मग त्या थांबतात, मुलाला मागे फिरवतात आणि सुरुवातीच्या जागी आणून उभं करतात.

"इथलं ते दार कुठे गेलं गं? किती छान होतं."

भाची माझ्याकडे बघते. आम्ही दोघंही काही बोलत नाही. मी वहीत वेळ टाकतो आणि आजींचे शब्द जसेच्या तसे लिहून घेतो.