बॉनेटखाली बॅटरी

१९ मे २०१८ रोजी लग्नानंतर विंडसरहून संध्याकाळच्या मेजवानीला निघालेले प्रिन्स हॅरी आणि मेगन मर्कल उघड्या टपाच्या जॅग्वार ई-टाइपमध्ये बसले होते. गाडी १९६८ची, नंबरप्लेटवर लग्नाची तारीख, आणि पेट्रोल एक थेंबही नाही.

कंपनीने २०१७मध्ये दाखवलेल्या या ‘ई-टाइप झिरो’ची खुबी मापात आहे. सहा सिलिंडरच्या मूळ इंजिनाएवढीच, जवळपास तेवढ्याच वजनाची ४० किलोवॅट-तासांची बॅटरी त्याच जागी बसवली. मोटर गेली गिअरबॉक्सच्या जागी. त्यामुळे चासी कापावी लागली नाही, गाडीचा तोल बिघडला नाही, आणि मन बदललं तर जुनं इंजिन परत बसवता येतं. जुनी गाडी विजेवर नेताना खरी अट हीच. कापाकापी करून केलेला बदल म्हणजे निव्वळ नासधूस.

आपल्याकडे आणखी एक मेख आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांहून जुनी हवीच, शिवाय चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. गाडी विजेवर नेणारं किटही पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेने मंजूर केलेलं लागतं. तेव्हा आजोबांची फियाट गॅरेजात सोडण्याआधी आरटीओत चौकशी करा, आणि काढलेलं इंजिन भंगारात घालू नका.