न शिंकवणारी धूळ

हिवाळ्यात नंदुरबारला आलात, तर पथारीवर वाळत घातलेली लाल मिरची आधी डोळ्यांना दिसते की आधी नाकाला कळते, हे सांगणं कठीण. वाऱ्याची दिशा बदलली की रस्त्यानं जाणारा मोटारसायकलवालाही शिंकतो आणि तोंडाला रुमाल लावतो. मिरचीची धूळ प्रामाणिक असते. ती वर्दी देऊन येते. आज मी ज्या धुळीविषयी बोलणार आहे, ती वर्दी देत नाही. लाकूड आणि फायबर यंत्रानं घासताना उडणारी ही धूळ. ती कमी उडावी यासाठी घासाईचं यंत्र, म्हणजे सँडर, कसं निवडावं, हा आजचा विषय.

मी तळोद्याचा, सुताराच्या घरातला. सातपुड्याच्या सागवानावर आमच्या दोन पिढ्या जगल्या. वडील दारं-खिडक्या करत. त्यांनी आयुष्यात विडी ओढली नाही, पण पहाटेचा त्यांचा खोकला ऐकून आम्ही भावंडं जागी होत असू. 'सुताराचा खोकला आहे, चालायचंच,' असं घरात सगळे म्हणत. मी पुढं तीस वर्षं मुलांना सुतारकाम शिकवलं. रंधा कसा धरावा, सांधा कसा बसवावा, सगळं शिकवलं. धुळीचं मात्र कधी शिकवलं नाही. ती चूक निवृत्तीनंतर एका होडीनं दाखवून दिली.

सरदार सरोवराच्या पाण्यानं आपल्या जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि धडगाव या तालुक्यांतली नर्मदाकाठची गावं वेढली, हे आपण जाणताच. राज्यातली बाधित ३३ गावं आपल्याच जिल्ह्यातली. २०१९ च्या सप्टेंबरात धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरलं. अशा भागात होडी ही हौस नसते. तीच रस्ता असते, तीच एस.टी. असते. २०२० मध्ये, करोनाच्या काळात, चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे होडी वल्हवत पाड्यांवरच्या बाळांपर्यंत आणि गरोदर बायांपर्यंत पोषण आहार पोहोचवत होत्या, ही बातमी देशभर गाजली.

त्याच काठावरचा माझा एक जुना विद्यार्थी एके दिवशी घरी आला. म्हणाला, 'गुरुजी, मासेमारीपुरती एक लहान होडी आपण दोघं मिळून करू.' मरीन प्लायचा सांगाडा केला. त्यावर काचेचं कापड अंथरून रेझिन चढवलं. लाटांवर उभं राहून घसरत जायची फळी, म्हणजे सर्फबोर्ड, घरी तयार करणारी मंडळी परदेशात आणि आता आपल्या किनाऱ्यांवरही आहेत. त्यांचं कामही असंच चालतं. आत फोम किंवा हलकं लाकूड, वर काचेचं कापड आणि रेझिन, शेवटी घासाई. त्यामुळे मी आता सांगतो ते होडीला लागू, सर्फबोर्डला लागू आणि घरातल्या दारालाही लागू.

घासाईसाठी आम्ही हाताशी होता तो ग्राइंडर घेतला आणि त्याला पॉलिश पेपरची चकती लावली. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. पाच मिनिटांत अंगण पांढरं झालं. तुळस पांढरी, दोरीवरचे कपडे पांढरे. आमच्या मंडळींनी गच्चीवर घातलेले पापड टाकून द्यावे लागले. दोन दिवस हातांना काच टोचत होती. पण मनाला लागलं ते वेगळंच. विद्यार्थ्याची चार वर्षांची मुलगी ओसरीवर झोपली होती आणि तिच्या पापण्यांवर भुकटी बसली होती. ती शिंकली नाही, खोकली नाही. शांत झोपली होती.

हे असं का होतं? माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. जो भुसा आपल्याला दिसतो, तो जाड असतो. तो खाली पडतो आणि झाडून टाकता येतो. दहा मायक्रॉनहून बारीक कण घसा ओलांडून छातीत उतरू शकतात आणि चारेक मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. ते तासन् तास हवेत तरंगतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. इंग्लंडमध्ये हाय विकम हे फर्निचरच्या कारखान्यांचं गाव होतं. तिथल्या कामगारांमध्ये नाकाच्या आतल्या भागाचा एरवी अगदी दुर्मीळ असणारा कर्करोग वारंवार आढळतो, हे डॉक्टरांच्या १९६० च्या दशकात लक्षात आलं. पुढं १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक ठरवलं. होडीसाठी वापरतात त्या काचेच्या धाग्यावर असा ठपका नाही. पण त्याची धूळ कातडी, डोळे आणि घसा सोलून काढते आणि रेझिनची भुकटी तिच्याबरोबर आत जाते. वडिलांच्या खोकल्याला 'चालायचंच' म्हणणारे आम्ही किती अजाण होतो, हे तेव्हा कळलं.

आता यंत्रांकडे वळू. ग्राइंडर हा लोखंडासाठी. तो धूळ फेकतो आणि जरा हात हलला की खड्डा पाडतो. बेल्ट सँडर म्हणजे फिरता पट्टा. तो सपाट फळीवर झपाट्यानं काम करतो, पण होडीच्या गोलाईवर चालत नाही. चौकोनी तळाचा ऑर्बिटल सँडर जागच्या जागी बारीक गोल हालतो. तो स्वस्त आणि सौम्य असतो, कोपऱ्यांत जातो, पण काम हळू होतं. चौथा आहे गोल तळाचा रँडम ऑर्बिटल सँडर. याचा तळ स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी बारीक वर्तुळातही हालतो. त्यामुळे पेपरचा कण पुन्हा पुन्हा त्याच रेषेवरून जात नाही आणि गोल ओरखडे कमी उठतात. घरच्या कामाला सव्वाशे मिलिमीटरचा, म्हणजे पाच इंची, पुरतो.

दुकानात गेलात की दुकानदार वॅट सांगेल. आपण मात्र तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, तळाला भोकं आहेत का? धूळ पेपराखालूनच या भोकांतून ओढली जाते. दुसरी, धूळ बाहेर जायच्या तोंडाला व्हॅक्यूमची नळी घट्ट बसते का? तिसरी, वेग कमी-जास्त करता येतो का? फार वेगानं घासलं की रेझिन तापतं आणि पेपराला चिकटतं. यंत्राबरोबर मिळणारी कापडी पिशवी जाड भुसा धरते. बारीक धूळ, जी खरी घातक, ती तिच्या कापडातून निसटते. म्हणून पैसे जपून वापरायचे असतील तर सँडर मध्यम घ्या, पण व्हॅक्यूम चांगला घ्या. त्यात हेपा गाळणी असावी. ती ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. साध्या घरगुती व्हॅक्यूमला अशी गाळणी नसेल, तर तो पुढून धूळ ओढतो आणि मागून त्यातली बारीक धूळ घरात सोडतो.

यंत्र चांगलं असूनही हात चुकीचा असला, तर धूळ उडतेच. पेपराची भोकं तळाच्या भोकांवर नेमकी बसवा. आधी व्हॅक्यूम सुरू करा, मग सँडर. बंद करताना उलट. यंत्र दाबू नका, त्याचं स्वतःचं वजन पुरतं. दाबलं की तळाचं फिरणं थांबतं आणि वेटोळ्यासारखे ओरखडे पडतात. गोलाईवर तळ आणि पेपर यांच्यामध्ये मऊ फोमचा पॅड लावा. ८० नंबरनं सुरुवात करून १२०, १८०, २४० असं चढत जा, मधला नंबर गाळू नका. रेझिन पूर्ण वाळल्याशिवाय घासू नका. शेवटचा हात मात्र पाण्याचा पेपर घेऊन हातानंच मारा, म्हणजे धूळ उडतच नाही. पाण्याजवळ विजेचं यंत्र नेऊ नका, हे वेगळं सांगायला नको.

इतकं करूनही मास्क लागतोच. तोंडाला बांधलेला गमछा मिरचीपुरता ठीक. इथं एन-९५ हवा आणि तो नाकावर नीट बसलेला हवा. करोनानं तो घराघरांत पोहोचवला, कपाटात पडला असेल तर बाहेर काढा.

आपली व्यवस्था चालते की नाही, हे बघायला माझ्याकडे एक सोपा उपाय आहे. संध्याकाळी दिवे मालवा, यंत्र चालू ठेवा आणि बाजूनं टॉर्चचा झोत सोडा. जे कण दिवसा दिसत नाहीत, ते झोतात नाचताना दिसतात. आम्ही ग्राइंडर लावून पाहिलं, तेव्हा झोत भिंतीसारखा पांढरा दिसला. नवा सँडर व्हॅक्यूमला जोडून पाहिलं, तेव्हा झोतात चार-दोन कण तरळले, बस. विद्यार्थी म्हणाला, 'गुरुजी, हे आम्हाला वर्गात का नाही दाखवलंत?' माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

होडी आता नर्मदेच्या पाण्यात आहे. सँडर आणि व्हॅक्यूम त्याच्या पाड्यावर आहेत, दुसऱ्या होडीचं काम सुरू आहे. त्यानं घासाईची जागा घरापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला केली आहे आणि पोरांना तिकडं फिरकायला बंदी आहे. श्रोतेहो, तुमच्या घरी सुतार काम करत असेल, तर आज त्याला चहाबरोबर एक मास्कही द्या. आणि त्याचं यंत्र धूळ ओढतं की फेकतं, हे एकदा टॉर्च लावून बघा.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)